बंद कुणी म्हणायचं

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

"आक्का, इथे खाली. नाव लिहिलं की झालं."

मी कागद वाचायला घेतला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मला अक्षरं पन्नाशीला आली, त्यामुळे मला शब्दांवरून उड्या मारता येत नाहीत. एकेका शब्दावर पाय ठेवतच पुढे जावं लागतं. कागदावर लिहिलं होतं की संगणकाचा नवीन पडदा मी वापरून पाहिला आहे, जुन्या पद्धतीतलं सगळं त्यात आलं आहे आणि माझी काही हरकत नाही.

"सगळं आलंय का ते बघते, मग करते सही," मी म्हणाले.

"अहो, नुसता उपचार आहे हा."

"मग तर घाई नाहीच."

साहेब हसले, पण पेन परत घेताना टोपण जरा जोरात लावलं. तो गुरुवार होता. सोमवारी मुख्य ऑफिसची माणसं पडदा बघायला येणार होती.

आमच्याकडे कानाच्या मशीन दुरुस्त होतात. ऐकू न येणारी माणसं बिघडलेली मशीन आणून देतात, कारागीर ती उघडतो, साफ करतो, भाग बदलतो आणि आम्ही ती परत करतो. कुणाची मशीन कुठवर आली हे कळावं म्हणून बाहेरच्या खोलीत एक अख्खी भिंत होती. भिंतीला लाकडी खण, खणांच्या चार रांगा. पहिली रांग आलेल्यांची, दुसरी कारागिराकडे असलेल्यांची, तिसरी तयार झालेल्यांची, चौथी पोचलेल्यांची. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. काम पुढे गेलं की कार्ड पुढच्या रांगेत. मशीन माणसाच्या हातात पडल्याशिवाय कार्ड चौथ्या रांगेत जात नसे, मग त्याला महिना लागो नाहीतर वर्ष.

मी इथे लागले ती झाडलोटीला. एकदा भिंत पुसताना दोन कार्डं पडली आणि मी ती अंदाजाने परत लावली. एका म्हाताऱ्या मास्तरांची तयार मशीन त्यामुळे अकरा दिवस पडून राहिली. कारागीर ओरडला नाही. फक्त म्हणाला, "नाव वाचता येईपर्यंत कार्डाला हात लावू नका." मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. मग त्याच्याकडूनच मी लोकांच्या नावांवर अक्षरं शिकले. दोन वर्षांत भिंत माझ्याकडे आली आणि पुढे पंधरा वर्षं ती माझ्याकडेच राहिली.

आता भिंतीच्या जागी पडदा येणार होता. तो करायला जी मुलगी आली, तिला सगळे पडदेवाली म्हणत. तिला राग यायचा नाही. म्हणायची, "खिडक्यांचे पडदे शिवले असते तर दोन पैसे जास्त मिळाले असते, आक्का." तीन आठवडे ती माझ्याशेजारी स्टुलावर बसली. कार्ड कधी हलतं, कोण हलवतं, एका खणात दोन कार्डं झाली तर काय करता, सगळं विचारून वहीत उतरवलं. उगाच नावं ठेवणार नाही, पडदा तिने चांगला केला होता. भिंतीसारख्याच रांगा, प्रत्येक रांगेला रंग. आलेलं लाल, कारागिराकडे पिवळं, तयार निळं. कुठल्याही टेबलावरून दिसायचं. मला भिंतीपाशी उठून जावं लागे, तेही वाचलं. माझे गुडघे तिला दुवा देत होते.

शेवटची रांग हिरवी होती. आणि तिच्यावर "पोचलं" असं लिहिलेलं नव्हतं. "बंद" असं लिहिलेलं होतं.

हे साहेबांचं. प्रत्येक वाक्यात टक्के सांगायची सवय असल्याने आम्ही त्यांना मागून टक्केसाहेब म्हणायचो. त्यांनी पडदेवालीला सांगून एक नियम घालून घेतला होता. मशीन तयार झाली की ग्राहकाला तीन दिवस रोज एक फोन करायचा. तिन्ही वेळा उचलला नाही तर प्रकरण आपोआप बंद. बंद होऊन तीस दिवस झाले की मशीन खोलून तिचे सुटे भाग वापरायला घ्यायचे. संदेश पाठवायची सोय दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पुढल्या वर्षी, जमलं तर. पडदा चाचणीसाठी सुरू होऊन पाच आठवडे झाले होते.

तर त्या गुरुवारी दुपारी मी पडद्यासमोर बसले आणि हिरवी रांग वरून खाली वाचायला लागले. इतरांनी ती पाहिली होती, पण वाचली नव्हती. हिरवं दिसलं की माणूस पुढे जातो.

रांगेत दोनशेच्या वर नावं होती. बहुतेकांपुढे मशीन दिल्याची तारीख होती. सतरा जणांपुढे नव्हती. त्या सतरांतलं सगळ्यांत जुनं नाव माझ्या ओळखीचं निघालं. पाळणाघरवाली बाई.

ती आली तो दिवस मला आठवत होता. कडेवर एक, हाताला एक अशी दोन परकी पोरं घेऊन आली होती. तिच्या दोन्ही कानांनी तिला फारसं काही ऐकू येत नाही. मशीन काढून माझ्या हातात देताना मोठ्याने म्हणाली, "हे बघा बाई, आता तुम्ही बोललात तरी मला ओठ दिसतील, बाकी काही नाही. तर फोन करू नका. पत्र टाका. आणि लवकर. मुलं सांभाळायचं काम आहे माझं." मी मान हलवली आणि तिच्या देखत कार्डावर लिहिलं.

आता पडद्यावर लिहिलं होतं: पहिला फोन, प्रतिसाद नाही. दुसरा फोन, प्रतिसाद नाही. तिसरा फोन, प्रतिसाद नाही. बंद. आणि बाजूला बारीक आकडा, एकोणतीस दिवस.

जुनी कार्डं रद्दीत जायची म्हणून खोक्यात भरून ठेवली होती. मी खोकं उपसलं. कार्ड सापडलं. उलटं केलं. पाठीवर माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, "फोन नको. पत्र."

मी ते घेऊन पडदेवालीकडे गेले. "पाठ कुठे आहे गं?"

"कसली पाठ?"

"कार्डाची."

तिने कार्ड घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "प्रत्येक कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं?"

"ज्याचं काही सांगण्यासारखं असेल त्याच्या. कुणाच्या घरी दुपारनंतरच माणूस असतं, कुणाला शेजारणीकडे निरोप द्यायचा असतो."

"मी फक्त पुढचं भरून घेतलं. आक्का, तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत."

"तू कधी उलटून पाहिलं नाहीस."

दोघीही खरं बोलत होतो. पंधरा वर्षं माझे हात कार्ड उचललं की आपोआप उलटायचे. ते कुणाला सांगावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मास्तरांच्या मशीननंतर माझ्या हातून झालेली ही दुसरी चूक, आणि ही सतरापट मोठी.

"उद्या तीस दिवस होतात," मी म्हणाले. "हिला बंदमधून बाहेर काढ."

तिने दाराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बंदमधून बाहेर यायला वाटच नाही. साहेबांनी ठेवू दिली नाही. म्हणाले, वाट ठेवली की लोक उघडत बसतात आणि टक्के घसरतात."

मी कोठारात गेले. तिथे किल्लीमामा बसतो. कोठाराच्या किल्ल्या कमरेला असतात म्हणून किल्लीमामा. त्याने मशीनची पुडी काढून दाखवली. दुरुस्त झालेली, पुसलेली, चालू. पुडीवर चिठ्ठी होती: शुक्रवार, पाच वाजता, खोलणे.

"दे इकडे."

"आक्का, पडदा म्हणतो बंद. माझ्या हातात काय आहे?"

"मशीन आहे हातात. तीच दे."

"पडद्यावर लाल करून आणा, मग दोन देतो. अशी दिली तर उद्या साहेब मलाच खोलतील आणि माझे सुटे भाग काढतील. त्यातला निम्मा माल तर निकामीच आहे."

तेव्हा मी साहेबांच्या खोलीत गेले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आक्का, आपण तीनदा फोन केला. त्याची नोंद आहे. ग्राहकाने उचलायला नको का?"

"साहेब, ती बहिरी आहे."

"इथे येणारे सगळेच बहिरे असतात."

"तेच म्हणते मी."

त्यांनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "हे बघा, गरज असेल तो स्वतः येतो. दुसरीकडून नवीन घेतली असेल तिने. सोमवारी मला ब्याण्णव टक्के बंद दाखवायचेत. उद्या चार वाजता बैठक आहे, तिथे सही करा. भिंत तर आता उतरणारच आहे. भिंतीवरच्या माणसाला पुढे कुठे बसवायचं, हेही मला ठरवायचंय."

"बसवा कुठेही," मी म्हणाले. "खाली बसायची मला सवय आहे."

संध्याकाळी घरी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांची तेहेतीस वर्षं कापडाच्या गिरणीत मागावर गेली. शंभर माग एकदम चालायचे, कान तिथेच राहिले. घरात बोलायचं तर मी समोर बसून, सावकाश. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "माझा फोन कुठे असतो?"

"सदऱ्याच्या खिशात."

"वाजतो?"

"सगळी गल्ली उठते."

"आणि मशीन कानात नसली तर मला कळतो?"

"तुम्हाला? तुमच्या मांडीवर ढोल वाजवला तरी तुम्ही विचाराल, आज एवढी शांतता का."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात आम्हा दोघांना एकच गोष्ट एकाच वेळी सुचल्याचे प्रसंग फार नाहीत.

"माझी मशीन साफ करायला झालीच आहे," ते म्हणाले. "उद्या सुट्टी काढतो आणि येतो."

"कसली सुट्टी? निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तुम्हाला."

"मग अर्ज द्यायला नको, ते बरंच झालं."

शुक्रवारी सकाळी मी ह्यांची मशीन रीतसर जमा केली. पडद्यावर नाव लाल झालं, कारागिराने हातात घेतल्यावर पिवळं, जेवणाच्या सुट्टीनंतर निळं. चार वाजता बैठकीच्या खोलीत साहेब, पडदेवाली, फोन करणारी मुलगी, किल्लीमामा आणि मी. खोलीला एका बाजूने काच आहे. काचेपलीकडे ग्राहकांचं बाकडं, आणि बाकड्यावर आमचे हे, हातात वर्तमानपत्र, शेजारी एक बाई मोठी पिशवी घेऊन.

साहेबांनी कागद पुढे केला. मी म्हणाले, "करते. आधी एक तयार मशीन आहे, तिच्या गिऱ्हाइकाला कळवून घेऊ. नियमाप्रमाणे."

फोन करणाऱ्या मुलीला मी नाव दाखवलं. तिने पडद्यावर दाबलं, फोन लागला. आवाज खोलीभर. आणि त्याच वेळी काचेपलीकडून ह्यांच्या खिशातून गिरणीच्या भोंग्यासारखी घंटा सुरू झाली. शेजारची बाई दचकली. तिने स्वतःची पिशवी उघडून पाहिली. दारावरच्या पहारेकऱ्याने मान वळवली. ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पडद्याने विचारलं, प्रतिसाद? मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं ते दाब," मी म्हणाले.

तिने "नाही" दाबलं.

"दुसरा."

"नियमाने रोज एक," साहेब म्हणाले.

"चाचणीत दोन फोनांमधले दिवस पडदा मोजत नाही," पडदेवाली खाली वहीत बघत म्हणाली. "कितीही करता येतात."

दुसऱ्यांदा घंटा वाजली. ह्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि भविष्याचं सदर वाचायला घेतलं. शेजारची बाई आता त्यांच्याकडे रागाने बघत होती. प्रतिसाद, नाही. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा पहारेकरी उठून जवळ आला, पण ह्यांनी त्याच्याकडे बघून असं गोड हसून दाखवलं की तो गोंधळून परत फिरला. प्रतिसाद, नाही.

पडद्यावर ह्यांचं नाव निळ्यातून निघालं, सरकत सरकत गेलं आणि हिरव्यात जाऊन बसलं. बंद.

"झाले," मी म्हणाले. "आमचे हे बंद झाले. महिन्याने खोला आणि भाग वापरायला घ्या."

किल्लीमामाला हसू आवरेना. त्याने तोंडावर हात धरला तरी किल्ल्या वाजत होत्या. फोन करणारी मुलगी मात्र हसली नाही. काचेतून ह्यांच्याकडे बघत म्हणाली, "मी त्या सगळ्यांना लावले होते. सतराही जणांना. मला वाटायचं, किती उद्धट माणसं आहेत, उचलतच नाहीत."

"आक्का, हे नाटक आहे," साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाटकच आहे. हाच खेळ याआधी सतरा वेळा झालाय, साहेब. तेव्हा बघायला कुणी नव्हतं."

"नियम सगळ्यांनी मिळून ठरवलाय."

"सगळ्यांनी म्हणजे ऐकू येणाऱ्यांनी."

"तुम्ही सही करणार आहात की नाही?"

"या कागदावर लिहिलंय, जुन्यातलं सगळं आलं. कार्डाची पाठ आलेली नाही. ती मी सांगितली नाही, हा माझा दोष. तोही लिहा कागदावर, त्याच्याखाली सही करते. पण बंद म्हणजे पोचलं, याच्याखाली माझं नाव येणार नाही. नावं लिहायला मी उशिरा शिकले. कुठेही टाकायला नाही शिकले."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "मग तुमच्या सहीवाचून चालेल."

"नाही चालणार," पडदेवाली म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. "आमच्या करारात आहे. रोज वापरणाऱ्याची सही लागते. साहेबांची लागत नाही. ती सही नसेल तर मला पडदा पुरा झाला असं म्हणता येत नाही." मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "वीस मिनिटं द्या. बंदमधून बाहेर यायची वाट करते. उघडलेलं नाव पुन्हा पहिल्या, लाल रांगेत येईल."

"मी सांगितलेलं नाही."

"माहीत आहे. मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं, म्हणून मी केली नव्हती. ते चुकलं."

साडेचार झाले होते. ती तिथेच बसून टकटक करत राहिली. साहेब खोलीतून निघून गेले, दोन मिनिटांनी परत आले, परत गेले. किल्लीमामा म्हणाला, "पाच वाजता कारागीर पेचकस घेऊन येतो. त्याला सांगतो, माझी किल्लीच सापडत नाहीये."

"कमरेलाच तर आहे."

"म्हणून तर सापडत नाही. माणूस कमरेला कुठे बघतो?"

पाचला सहा मिनिटं कमी असताना पाळणाघरवाल्या बाईचं नाव हिरव्यातून बाहेर आलं आणि लाल झालं. त्याच्या मागोमाग बाकीचे सोळा. मग आमचे हे. सगळ्यांत वरती सतरा आणि एक अशा अठरा लाल ओळी. किल्लीमामाने पुडी माझ्या हातात ठेवली.

"सोमवारी मी त्यांना काय दाखवू?" साहेब दारातून म्हणाले. आवाजात राग होता, पण थोडी काकुळतीही होती.

"जे आहे ते," मी म्हणाले आणि निघाले.

पाळणाघर तीन थांबे पलीकडे, तळमजल्यावर. मी घंटी दाबली. दाबल्यावर माझं मलाच हसू आलं. मग बाजूने जाऊन खिडकीशी उभी राहिले आणि दोन्ही हात हलवले. आत खोलीभर सतरंजी, भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर खुंट्यांची रांग. बारा खुंट्या. एकीवर छोटं दप्तर, बाकी रिकाम्या. बाई एका पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने सावली हललेली पाहिली, वर बघितलं, मला ओळखलं.

तिने दार उघडलं. मी पुडी पुढे केली. तिने तिथेच उंबऱ्यात मशीन कानाला लावली, बारीक चाक फिरवलं, डोळे मिटले आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. आतून पोरगी काहीतरी गुणगुणत होती.

"बोला," ती म्हणाली.

"ऐकू येतंय का?"

"येतंय. इतके दिवस काय करत होतात?"

"फोन."

"कुणाला?"

"तुम्हाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी समोर बसून सांगितलं होतं. तुम्ही लिहून घेतलंत."

"घेतलं होतं."

पडद्याचं, साहेबांचं, कार्डाच्या पाठीचं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. तिला त्याच्याशी काय करायचं होतं?

"एक मुलगा मोरीत पडला," ती म्हणाली. "फार लागलं नाही. पण रडत होता आणि मी इथे, बारा पावलांवर, दुसऱ्याला भरवत होते. त्याची आई दारात आली तेव्हा मला तिच्या तोंडावरून कळलं. दुसऱ्या दिवशी सहा जणी एकदम आल्या, मागोमाग बाकीच्या. चांगल्या बोलल्या. चांगल्या बोलून मुलं घेऊन गेल्या. ही एकच राहिली, हिची आई माझी मामेबहीण आहे म्हणून." तिने खुंट्यांकडे पाहिलं. "आता मशीन आली. पण त्या मला सोडूनच गेल्या ना?"

मी पिशवीतून पावती काढली. मशीन मिळाली, तक्रार नाही, अशी छापील. सवयीने पुढे केली.

तिने ती नीट वाचली. मग परत दिली.

"नाही करणार सही."

"मशीन तर मिळाली तुम्हाला."

"मिळाली. चालते का, ते कुठे कळलंय? आठ दिवस वापरते. पोरगी आतल्या खोलीत झोपलेली असताना तिने कूस बदलली आणि मला इथे कळलं, तर चालते म्हणेन. तोवर तुमच्याकडे माझं काम बंद झालं असं कुणी लिहायचं नाही. बंद मी म्हणणार."

"बरं. आठ दिवसांनी कळवू का?"

"फोनवर?" ती म्हणाली, आणि महिनाभरात पहिल्यांदाच असावं असं तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "आता ऐकू येतो मला फोन. पण तुमचा उचलणार नाही. मी स्वतः येईन."

सोमवारी साहेब माझ्या आधी आले होते. शनिवारी पडदेवालीने आणि मी मिळून सोळा पत्रं टाकली होती, आणि तिने प्रत्येक नावाला एक मागची बाजू करून दिली होती. नावावर दाबलं की उलटतं. साहेबांनी कागदही नवीन छापून आणला होता. त्यात माझा दोष लिहिलेला होता, नियमाचा नव्हता. मी वाचला आणि परत दिला.

"निदान त्या बाईचं तरी हिरवं करा," ते म्हणाले. "मशीन तिच्या हातात आहे. तुम्ही स्वतः देऊन आलात."

"तिने सही केली नाही."

"का?"

"आठ दिवस बघणार आहे म्हणाली."

"आक्का, ती लोकं जिना चढताहेत."

"चढू द्या."

मुख्य ऑफिसचे तिघे आले. पडद्यासमोर उभे राहिले. पडदेवालीने रांगा समजावून सांगितल्या. त्यातल्या एका वयस्क बाईंनी चष्मा वर करून सगळ्यांत वरच्या लाल ओळीवर बोट ठेवलं. "मशीन दिल्याची तारीख आहे शुक्रवारची. मग ही अजून लाल कशी?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पडदेवालीने माझ्याकडे पाहिलं.

"ती बाई अजून ऐकून बघते आहे," मी म्हणाले. "तिचं झालं की ती सांगेल."

"आणि तोवर?"

"तोवर लाल."

बाईंनी बोट काढलं नाही. पुढचं नाव वाचलं, मग त्याच्या पुढचं. साहेब टक्क्यांचा कागद हातात धरून उभे होते. मी माझी खुर्ची पडद्याजवळ ओढली, पहिल्या नावावर दाबलं आणि ते उलटं करून बाईंना पाठ दाखवली.